डायटिशियनकडे जाऊ की काउन्सेलरकडे? कासारवडवलीच्या मैत्रिणीचं पत्र

पत्र

नमस्कार ताई, वय ३८, कासारवडवलीला राहते, ऐरोलीला एका आयटी कंपनीत बॅक ऑफिसला आहे. घरी नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. वर्षभर काही धड चाललेलं नाही. सकाळी उठतानाच दमलेली असते, जिना चढला की धाप लागते, मुलावर उगाच ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. थायरॉइडची गोळी चालू आहे, सहाला घेते, लगेच चहा-बिस्कीट, मग पळापळ. तरी गेल्या महिन्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्त तपासणीतला आकडा, वाढलेला आला म्हणून डोस वाढवला. हिमोग्लोबिन ९.८. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पोट इतकं बिघडलं की सोडून दिल्या. मधे सोसायटीतल्या एका वेलनेस कोचकडून शेक घेतले, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, सहा किलो उतरले आणि नंतर आठ परत आले. आता दिवसभर कंट्रोल करते, अकराला कॉफी, दुपारी एक पोळी-भाजी, चारला चहा. पण संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरले की वडापाव, घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून फरसाण, सकाळची पोळी, हाताला येईल ते. मग सगळे जेवायला बसले की म्हणते मला भूक नाही. मुलगा विचारतो, आई तू आमच्यासोबत का नाही बसत. डॉक्टर म्हणाले डायटिशियनला भेटा. नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं आहे. सासूबाई म्हणतात चार घास नीट खा, त्याला पैसे कशाला. मला वाटतं माझा प्रॉब्लेम मनाचा आहे, डायटिशियन काय करणार, अजून एक चार्ट देणार आणि वजनकाट्यावर उभं करून बोलणार. कधीकधी वाटतं सगळं सोडून कुठेतरी निघून जावं. नक्की कोणाकडे जाऊ? आणि मी अंडं सोडून बाकी शाकाहारी आहे. मला अगं-तुगंच करा.

उत्तर

अगं, आधी ते "सगळं सोडून निघून जावं" याबद्दल बोलू, बाकीचं त्याच्यानंतर. दमलेल्या बायका असं म्हणतात आणि पुष्कळदा त्याचा अर्थ मला दोन दिवस शांत झोपू द्या एवढाच असतो, पण तू समोर बसलेली नाहीस, तुझा चेहरा मला दिसत नाहीये, म्हणून सरळच विचारते. जगणंच नको, स्वतःला काहीतरी करून घ्यावं, असं मनात येतं का? येत असेल तर हे वाचणं इथेच थांबव आणि १४४१६ ला फोन लाव. टेलीमानस, सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि नवऱ्याला आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. तसं काही नसेल तर पुढे वाच.

डायटिशियन की काउन्सेलर, यातलं एकच कुणीतरी निवडायचं असतं असं तुला वाटतंय, तसं नाहीये. मी स्वतः आहारशास्त्र शिकलेली, आधी हॉस्पिटलमध्ये आणि आता नौपाड्यात क्लिनिकमध्ये हेच काम करते, आणि तुझ्यासारखी बाई समोर येऊन "माझा स्वभावच चिडका झालाय हो" म्हणाली की माझं पहिलं लक्ष तिच्या रिपोर्टकडे आणि तिच्या घड्याळाकडे जातं. घड्याळ म्हणजे कधी उठते, कधी खाते, दोन खाण्यांमध्ये किती तास जातात. तुझं पत्र मी तसंच वाचलं आणि मला त्यात स्वभाव कमी दिसला, थकलेलं, उपाशी शरीर जास्त दिसलं. निदान मी इथून करणार नाही, ते तुझे डॉक्टर करतील, पण काय दिसलं ते सांगते.

थायरॉइडची गोळी. ती अनशापोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि मग अर्धा तास, जमलं तर तासभर, काही खायचं-प्यायचं नाही, कारण चहा-कॉफी, दूध, खाणं लगेच पोटात गेलं की ती नीट शोषली जात नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब हवी. तू गोळीवर लगेच दुधाचा चहा आणि बिस्कीट घेतेस, आणि लोहाची गोळी चालू असताना ती पण सकाळीच उरकत असलीस तर विचारूच नको. म्हणजे तुझा टीएसएच वाढला तो डोस कमी पडला म्हणून, की आहे तो डोसच नीट पोचत नव्हता म्हणून, हे बघायला हवं. डॉक्टरांना हे जाऊन सांग. स्वतःच्या मनाने डोस कमी करू नकोस, फक्त सांग, आणि आता गोळीची वेळ सुधारणार असशील तर टीएसएच परत कधी तपासायचा ते त्यांनाच विचार, कारण वाढवलेला डोस आणि नीट शोषलेली गोळी असं दोन्ही एकदम झालं तर डोस जास्त पण होऊ शकतो, छातीत धडधड, घाम, झोप उडणं असं व्हायला लागतं. बघ, नवरा म्हणतो ना यूट्यूबवर सगळं आहे, असेलही, पण यूट्यूब तुला उलटं विचारत नाही की बाई गं, गोळी घेतल्यावर चहा किती वाजता पितेस.

मग हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, तुझं ९.८ आहे. धाप, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, हे सगळं त्यात होतं. थायरॉइड नीट नसला तरी मन उदास राहतं. आणि तू अंडं सोडून शाकाहारी आहेस, तुझा बी १२ कधी केलाय का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. बी १२ कमी असला की हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, उदासी, थकवा, आणि माणूस समजतो की मलाच काहीतरी झालंय डोक्यात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, व्हिटॅमिन डी हे डॉक्टरांना विचारून करून घे. आणि अजून एक, लोह कमी का पडतंय ते पण शोधायला हवं, पाळीत अंगावर जास्त जातं का, तसं असेल तर गायनॅककडे आधी जा, नाहीतर आपण एकीकडून भरत राहू आणि दुसरीकडून जात राहील. लोहाची गोळी पोटाला सोसत नाही म्हणून सोडली हे पण डॉक्टरांना माहीत नसेल बहुतेक. दुसऱ्या प्रकारची मिळते, कमी डोसची मिळते, एक दिवसाआड घेऊन चालेल का हे विचारता येतं, कितीतरी जणींना तशी सोसते. ९.८ वरून नुसत्या पालेभाजीने वर यायला फार काळ जाईल, गोळी लागेलच, मी हे आहारतज्ज्ञ असून सांगते.

आता तुझ्या संध्याकाळबद्दल, कारण तुला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटतेय हे कळतंय मला. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अ‍ॅन्सल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे समजून घ्यायला. ते तरुण स्वखुशीने आले होते. २४ आठवडे त्यांना रोज साधारण १,५७० कॅलरी दिल्या. ते भरपूर चालत होते, अंगाने मोठे होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा तुला लावायचा नाही, पण त्यांच्या मनाचं काय झालं ते बघ. चिडके झाले, उदास झाले, मित्रांशी बोलेनासे झाले, दिवसभर खाण्याचेच विचार, काही जण तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. आणि जेवण परत सुरू झाल्यावर त्यातले कितीतरी जण पोट भरलं तरी थांबू शकत नव्हते. हे प्रयोगाच्या आधी तपासून, मनाने निरोगी आहेत म्हणून निवडलेले लोक होते. त्यांना कोणी म्हणालं नाही की तुमच्यात विल पॉवर नाही. तू सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत चहासोबतची बिस्किटं, एक पोळी-भाजी आणि चहा-कॉफीवर काढतेस, त्यात कासारवडवलीहून स्टेशन, तिथून ट्रेन, कापूरबावडीचा ट्रॅफिक, ऑफिस, आणि मग स्टेशनबाहेर गरम वडा तळताना दिसतो. तू वडापाव खातेस यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही, शरीराने मागितलं ते तू दिलंस. चुकलं असेल तर ते सकाळी आणि दुपारी चुकतंय, संध्याकाळी नाही, आणि रात्री ताटावर न बसून तू दुसऱ्या दिवसाच्या उपाशीपणाची तयारी करून ठेवतेस.

एक गोष्ट मात्र डायटिशियनला स्पष्ट सांग. हे खाताना आपला ताबाच सुटतो, थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललंय, असं असेल तर तो बिंज ईटिंगचा आजार असू शकतो आणि तिथे एकटी डायटिशियन पुरत नाही, सायकॉलॉजिस्ट सोबत लागते. चांगली डायटिशियन हे ऐकून स्वतःच तुला पुढे पाठवेल. खाल्लेलं उलटून काढणं, जुलाबाच्या गोळ्या, असलं काही असेल तर ते पण सांग, तिने हे सगळं आधी ऐकलेलं असतं गं, ती दचकणार नाही.

आणि मनासाठी डायटिशियनचा उपयोग काय, तर याचा नीट अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या टीमने डिप्रेशन असलेल्या ६७ लोकांवर अभ्यास केला, २०१७ साली छापून आला. एका गटाला १२ आठवड्यांत आहारतज्ज्ञासोबत ७ वेळा बसवलं, डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खं धान्य, सुकामेवा, मासे वाढवले, गोड-तळलेलं कमी केलं. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा कुणीतरी आपुलकीने गप्पा मारायला दिलं. शेवटी आहाराच्या गटात ३२ टक्के लोक डिप्रेशनच्या बाहेर आले, गप्पांच्या गटात ८ टक्के. अभ्यास लहान आहे, आणि बहुतेकांची औषधं किंवा थेरपी चालूच होती, म्हणजे आहार हा त्याच्या जोडीला होता, त्याच्या जागी नाही. हे मी मुद्दाम सांगते कारण "केळं खा, सेरोटोनिन वाढतं, गोळ्या फेकून द्या" असले व्हिडिओ फिरतात. सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं आहे, पण ते तिथून उठून मेंदूत जात नाही. मानसोपचारतज्ज्ञाने औषध दिलं तर ते घ्यायचं, आणि त्या औषधाने भूक वाढली, वजन वाढलं, तोंड कोरडं पडलं, बद्धकोष्ठ झालं, की त्यासाठी डायटिशियनकडे यायचं, कारण कितीतरी लोक वजन वाढतं या एका कारणाने मनाची औषधं परस्पर बंद करतात आणि परत खाली जातात, आणि हे बघून मला खरंच फार वाईट वाटतं.

काट्यावर उभं करून बोलतील ही तुझी भीती. असं बोलणारे आहेत, नाही म्हणणार नाही. पण नीट काम करणारी डायटिशियन पहिल्या भेटीत बराच वेळ नुसतं ऐकते. काल सकाळपासून काय काय पोटात गेलं ते विचारते, सुट्टीच्या दिवशी काय, उपवास कुठले, पाळी, पोट साफ होतं का, झोप, गोळ्या, घरी स्वयंपाक कोण करतं, भाजी कोण आणतं, महिन्याचं बजेट काय, ऑफिसला डबा गरम करायची सोय आहे का. मग एक-दोनच बदल सुचवते. दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावते, काय जमलं, काय नाही जमलं, का नाही जमलं. वजन तुला बघायचं नसेल तर सांग, पाठमोरी उभी राहा काट्यावर, मी तसं करते पेशंटसोबत. आणि बरं वाटतंय का हे काट्यावर मोजायचं नाही, जिना चढताना धाप कमी झाली का, दुपारी डोकं चालतं का, मुलावर ओरडणं कमी झालं का, हे विचारायचं.

कोणाकडे जायचं ते निवडताना शिक्षण बिनधास्त विचार. आहारशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी किंवा पीजी डिप्लोमा केलेला असावा, नावापुढे आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, असेल तर तिने इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा पास केलेली असते. २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्राचा कायदा आला, त्यात आहारतज्ज्ञ पण धरलेत, पण आठवड्याचा ऑनलाइन कोर्स करून बोर्ड लावणारे अजून गल्लोगल्ली आहेत. जी पहिल्याच भेटीत पावडरचा डबा पुढे करते, महिन्यात अमुक किलोची गॅरंटी देते, रिपोर्ट न बघता छापील चार्ट हातात देते, थायरॉइडची गोळी बंद करून दाखवते म्हणते, तिथून सरळ उठून ये, भरलेल्या पैशांचा विचार करू नकोस. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मसल वाढवायला प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलंय. फीचं म्हणशील तर फोनवरच विचार, फॉलो-अपचे वेगळे किती ते पण. परवडत नसेल तर कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजचं, तिथे केसपेपर काढून मेडिसिन आणि सायकिअ‍ॅट्री दोन्ही ओपीडी दाखवता येतील आणि आहाराच्या सल्ल्याचं तिथेच विचार, रांग लागते, सकाळी लवकर जा.

सासूबाईंचं. त्या चुकीचं सांगत नाहीयेत, चार घास नीट खा हे अगदी बरोबर आहे, फक्त तुझ्या गोळ्यांच्या वेळा आणि तुझं ९.८ त्यांना कसं कळणार. उलट त्यांना सोबत घेऊन जा. स्वयंपाकघर त्यांच्या हातात असेल तर डायटिशियनने अर्धं बोलणं त्यांच्याशीच केलं पाहिजे, आणि मटकीची उसळ, अळिवाचे लाडू, नाचणीची भाकरी, अळूचं फदफदं हे डायटिशियन तरी काय वेगळं सांगणार आहे, ती फक्त किती, कधी आणि कशासोबत हे ठरवून देईल. बाहेरच्या माणसाने सांगितलं की घरात ते लवकर मान्य होतं, हे पण खरं.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एवढं कर. सकाळी गोळी पाण्यासोबत, चहा तासाभराने, आणि नुसता चहा नाही, घरून निघायच्या आधी काहीतरी पोटात जाऊ दे, पोहे, उपमा, काल उरलेली पोळी तूप लावून, उकडलेलं अंडं, जे असेल ते. दुपारी एक नाही, दोन पोळ्या डब्यात, वाटीभर उसळ किंवा घट्ट डाळ, वर लिंबू पिळ, लिंबातल्या व्हिटॅमिन सीने डाळ-भाजीतलं लोह जास्त चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नको, हे पण त्या २०२४ च्या सूचनांत आहे, तू चारला पितेस ते ठीक आहे. पाच-साडेपाचला, ऐरोलीहून निघायच्या आधी, जागेवर बसून खा. फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळं, किंवा डब्यात अर्धं थालीपीठ. हे सगळ्यात महत्त्वाचं खाणं आहे तुझ्या दिवसातलं, ते चुकवू नकोस. मग स्टेशनवर वडापाव खावासा वाटला तर खा, बहुतेक एकात भागेल. आणि रात्री ताट घेऊन बस सगळ्यांसोबत, भूक नसली तर वरण-भाताचे चार घास, पण बस. भात खाल्ला म्हणून काही होत नाही. वजन महिनाभर करू नकोस.

एवढं नीट खाऊनही, झोपूनही, दोन आठवडे सलग मन खालीच राहिलं, कशातच रस वाटेना, रडू थांबेना, तर डायटिशियनच्या फॉलो-अपची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. आणि आत्ताच दाखवावंसं वाटत असेल तर आत्ताच दाखव, रिपोर्ट नीट येईपर्यंत थांबायची काही गरज नाही, दोन्ही बरोबर चालतं.

जाताना गेल्या वर्षभराचे सगळे ब्लड रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, त्या शेकच्या डब्याचा लेबलसकट फोटो, आणि तीन दिवसांचं खाल्लेलं जसंच्या तसं लिहून ने, फरसाणसकट, त्यात एक रविवार असू दे. आधीच सुधारून खाऊन लिहू नकोस. बी १२ चा रिपोर्ट आला की मला आकडा आणि त्या लॅबची रेंज दोन्ही कळव.